रब्बी ज्वारीवरील खडखड्या: औषध शोधावे की ओल राखावी?

कोरडवाहू:
दाणे भरत असताना खडखड्या रोगाने ज्वारीची ताटे वाळून आडवी पडू लागली की बुरशीनाशकासाठी धावाधाव सुरू होते. माझ्या मते तो पैसा वाया जातो. पडलेल्या ताटाचे बुंध्याजवळचे पेर उभे चिरून पाहावे. आतला भेंड कुजून नुसते धागे उरलेले असतात आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसतात. ही मॅक्रोफोमिना फेजिओलिना बुरशी जमिनीतून मुळांवाटे शिरते, आणि फुलोऱ्यानंतर ओल संपून जमीन तापली की खोडात पसरते. लक्षण दिसल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचणार कसा? पावसाळ्यात रानात सारे (मातीच्या वरंब्यांचे वाफे) पाडून मुरवलेले पाणी, बेताचे नत्र, वेळेवर विरळणी आणि भेगा बुजवणारी आठव्या आठवड्यातली कोळपणी, हेच तिच्यावरचे खरे औषध आहे.

माळावरचा:
हे भारी जमिनीचे शहाणपण झाले. आमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि परतीचा पाऊस हुकला तर कोळपे कोणती ओल राखणार? सोलापूर भागात मालदांडी ३५-१ या वाणाच्या ज्वारीचा मान मोठा आहे, परंतु हलक्या रानात तिचे दाणे भरेपर्यंत ओल टिकत नाही. तेथे फुले अनुराधा किंवा फुले माउली यांसारखा लवकर निसवणारा (कणीस बाहेर टाकणारा) वाणच घ्यावा, म्हणजे ताण कडक होण्याआधी पीक हाती येते. शिवाय दरवर्षी ज्वारीवर ज्वारी न घेता हरभरा घेऊन फेरपालट करावी.

कडबा-गंजी:
विरळणीला माझा विरोध आहे. पेरा दाट असला तर ताट बारीक राहते आणि जनावरे कडबा आवडीने खातात. जाड ताटाचा बुडखा गव्हाणीत तसाच उरतो. ज्याचे घर दुधावर चालते, त्याने केवळ दाण्याचा विचार करून कसे चालेल?

कोरडवाहू:
कडब्याची अडचण खरी आहे आणि ती कृषी सल्ल्यात क्वचितच विचारात घेतली जाते. तरीही दाट पेऱ्यात प्रत्येक ताटाच्या वाट्याला ओल कमी येते, आणि भेंड कुजलेल्या ताटाचा कडबा हलका व निकस होतो. म्हणून ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर मी सोडणार नाही. हलक्या रानासाठी लवकर येणारा वाण मला मान्य आहे, मात्र पूर्ण प्रतिकारक वाण म्हणून कोणी त्याची खात्री देऊ नये. हरभऱ्याचा मुद्दा तर मुळीच पटत नाही, कारण त्यावरील कोरडी मूळकुज याच बुरशीमुळे होते आणि तिचे काळे कण धसकटांत व मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

माळावरचा:
हरभऱ्याबाबत आपले म्हणणे मान्य आहे. वाणाबाबत मात्र मी ठाम आहे: शेततळे असलेला शेतकरी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) आणि फुलोऱ्यात एकेक पाणी देऊन पीक सावरू शकतो, पण ज्याच्याकडे तेही नाही, त्याच्या हाती पेरणीच्या दिवशी निवडलेल्या बियाण्याखेरीज दुसरे काय असते?