गॅरेज रॉकचे ४५: खरखर मुळातली की आपल्या पिनेची?

चिंचवडचा_फझ
नमस्कार मंडळी. साठच्या दशकातल्या अमेरिकन गॅरेज रॉकचे (हौशी पोरांच्या बँडचं कच्चं रॉक) २२ मूळ सिंगल्स हाताशी आहेत, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकड्या, त्यांनाच '४५' म्हणतात. वॉशिंग्टन राज्य, टेक्सस आणि मिशिगनमधली छोटी लेबलं, १९६४ ते ६७ चा माल. नंतरची संकलनं नाहीत, त्या काळी छापलेल्याच तबकड्या.

सामान असं: डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज (पीन बसते तो डबीसारखा भाग), पिनेचा भार २ ग्रॅम, फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा) वेगळा.

अडचणी तीन. एक, 'व्हीजी प्लस' (विक्रेत्याच्या दर्जानुसार 'खूप चांगल्या'च्याही वर) म्हणून आलेल्या सात-आठ रेकॉर्ड दिसायला चकचकीत आहेत, पण गायकाच्या तोंडी 'स' आला की थुंकल्यासारखा आवाज येतो आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो वाढत जातो. दोन, काहींवर टकटक आहे आणि ती एकाच स्पीकरमधून जास्त येते. तीन, एका रेकॉर्डचा सूर डोलतो.

या संगीताचा आवाज मुळातच फाटका, आणि जीव त्याच्यावरच जडलाय. म्हणूनच कळत नाही की फाटलेपण बँडचं कुठे संपतं आणि माझ्या पिनेचं कुठे सुरू होतं. कशी पारख करायची?

जाताजाता: सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत मेम्फिसला गोनरफेस्ट हा गॅरेज बँडचा महोत्सव आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याने काय सांभाळायचं, तेही सांगा.

डेडवॅक्स
प्रश्न अगदी योग्य ठिकाणी धरलात. आधी पारख सांगतो, मग उपाय.

तुमच्या रेकॉर्ड मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज. मोनोमध्ये गाणं खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. पीन वरखाली हलून जे काही येतं ते गाणं नव्हे: धूळ, ओरखडे, झीज, मोटरची घरघर. स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही हालचाली इमानेइतबारे उचलतं, म्हणून टकटक एका बाजूला झुकलेली ऐकू येते. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतला कचरा एकमेकांना खोडतो आणि बँड जागच्या जागी राहतो. फरक कानाला लगेच कळतो: ड्रम पुढे येतात, टकटक मागे सरते.

आता परीक्षा. रेकॉर्ड स्टिरिओतच कॉम्प्युटरवर घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनेल वेगळे करा, एक उलटा करा (इन्व्हर्ट), मग दोन्ही मिसळा. एका चॅनेलची पातळी पाव-पाव डेसिबलने वरखाली करून गाणं सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा. आता जे उरलंय ते ऐका. नुसतं 'सूंऽऽ' आणि तुरळक टकटक असेल, तर फाटलेपण बँडचं आहे. पण प्रत्येक 'स'ला आणि झांजेच्या प्रत्येक फटक्याला चर्र-चर्र उरत असेल, तर ती खाचेच्या भिंतीची झीज आहे किंवा तुमचं कार्ट्रिज वाकडं बसलंय. फझ पेडलचा (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पायाखालचं यंत्र) किंवा फाडलेल्या स्पीकरचा आवाज स्टुडिओतच टेपवर गेलेला, तो दोन्ही भिंतींवर सारखाच कोरला जातो. म्हणून या वजाबाकीत तो जवळजवळ नाहीसा होतो. झीज दोन भिंतींवर कधीच सारखी नसते.

कॉम्प्युटरशिवायची खूण: बँडचा फझ पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच जातीचा असतो. झिजेचा आवाज लेबलाकडे जाताना वाढतो, कारण आतल्या वर्तुळांत तेवढ्याच सेकंदाला कमी लांबीची खाच मिळते आणि वळणं दाटीवाटीने बसतात. तुमचं वर्णन याच खुणेत बसतं.

आणि काही गोष्टी मुळातल्याच असतात, त्या दुरुस्त करायला जाऊ नका. किंग्जमेन या बँडचं 'लुई लुई' १९६३ साली पोर्टलंडमध्ये रेकॉर्ड झालं तेव्हा गायकाचा माइक वर छताकडे टांगलेला होता. शब्द कितीही चांगल्या पिनेने स्पष्ट होत नाहीत. ते अश्लील असल्याच्या संशयावरून एफबीआयने त्या शब्दांची दोन वर्षांहून जास्त चौकशी केली, तिलाही ते लागले नाहीत. सोलोनंतर गायक लवकर शिरतो, थांबतो, आणि ड्रमर मधली जागा भरून काढतो. ती चूक ठेवलीय, म्हणून तर ते गाणं श्वास घेतं. टकोमाच्या सॉनिक्स या बँडचंही तसंच: रेकॉर्डिंगच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेलेला त्यांनी मुद्दाम राखला.

उपाय: व्हीएम९५ मालिकेत पिना अदलाबदल होतात. तुमच्या 'ई'ची लंबवर्तुळाकार पीन काढून 'सी'ची गोल टोकाची पीन त्याच बॉडीत सरळ पुढे ओढून-बसवून लागते, भार तोच २ ग्रॅम. लंबवर्तुळ टोकाची स्पर्शरेषा अरुंद असते, ती झिजलेल्या जागेचा प्रत्येक खड्डा वाचते. गोल टोक त्यातलं बरंच ओलांडून जातं. याच मालिकेतली 'एसपी' मात्र चुकूनही लावू नका. ती ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या रुंद खाचेसाठी आहे, ४५ मध्ये नीट बसतच नाही.

डोलणाऱ्या सुराचं: अमेरिकन ४५ चं भोक ३८ मिमीचं. ते भरणारा ॲडॅप्टर (मधली चकती) सैल असेल तर रेकॉर्ड मध्यावरून सरकते. ॲडॅप्टरच्या कडेला चिकटपट्टीचा एक वेढा द्या. तरीही आर्म (पीन धरणारा दांडा) दर फेरीला डावी-उजवीकडे झुलताना दिसली, तर भोकच मध्यावर पाडलेलं नाही. मग मोठ्या भोकाचा फायदा घ्या: ॲडॅप्टर काढून टाका, प्लॅटर (फिरती थाळी) थांबवून रेकॉर्ड केसभर सरकवा, फिरवून बघा, पुन्हा सरकवा. आर्म स्थिर झाली की सूरही स्थिर.

कोकणकडा_४५
डेडवॅक्स यांनी पिनेचं सगळं सांगितलं, पण पहिला संशय दुसरीकडे घ्यायला हवा: त्या सात-आठ रेकॉर्ड स्टायरीनच्या (व्हायनिलपेक्षा कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या) आहेत का? अमेरिकेत त्या काळी बरेच ४५ व्हायनिलमध्ये दाबून न करता पॉलिस्टायरीन साच्यात ओतून करत. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचा माल हे ठळक उदाहरण. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत त्रिकोण आणि त्यापुढे आकडा खरवडलेला दिसला तर तो मोनार्कचा. त्या आकड्यावरून छपाईचा काळही काढता येतो.

ओळखायची रीत: रेकॉर्ड भोकातून बोटावर तोलून कडेला नखाने टिचकी मारा. व्हायनिल 'थप' वाजतं, स्टायरीन चिनीमातीच्या बशीसारखं 'टिण्ण' करतं. कड चौकोनी, हाताला करकरीत. लेबल वरून चिकटवलेलं असतं, त्याची कडा नखाला लागते. काहींवर ते थेट रंगवलेलं असतं. व्हायनिलमध्ये लेबल दाबतानाच आत बसतं. वाकवून बघू नका, स्टायरीन वाकत नाही, तडकतं.

स्टायरीन पिनेला लवकर हार खातं आणि झीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चकचकीत 'व्हीजी प्लस' रेकॉर्ड थुंकते. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: स्टायरीन आहे का, आणि दर्जा नजरेने लावलाय की वाजवून? दुसऱ्याचं उत्तर 'नजरेने' आलं तर मनातल्या मनात एक पायरी खाली धरा. रेडिओला पाठवलेल्या प्रमोशनच्या प्रतींत आणखी एक दुखणं असतं: डीजे गाण्याची सुरुवात नेमकी धरण्यासाठी रेकॉर्ड मागेपुढे घासत, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत 'श्शऽऽ' कायमचं बसतं. त्याला औषध नाही.

धुण्याबद्दल: १ लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात फोटो धुण्याचं वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता पसरवणारं द्रव) ८-१० थेंब. नळाचं आणि विशेषतः बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि तीच नवी टकटक होते. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबलाच्या कडेपासून बोटभर आधी थांबा, कारण चिकटवलेल्या लेबलाचा गोंद पाण्याने सुटतो. मग निव्वळ डिस्टिल्ड वॉटरचा हात आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही स्टायरीनच्या जवळ आणू नका, पृष्ठभाग विरघळतो. व्हायनिलवर सुतारी गोंद ओतून साल काढण्याची युक्ती सांगतात, ती स्टायरीनच्या रेकॉर्डवर अजिबात नको.

पावसाळ्यात जुनी कागदी पाकिटं बुरशी धरतात आणि ती खाचेत उतरते. रेकॉर्ड पॉलिथिनच्या आतल्या पाकिटात, मूळ कागदी पाकीट बाहेर वेगळं, रांगेत उभी. पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटं टाळा, ती कालांतराने रेकॉर्डवर धुकं सोडतात.

पांढरी_तीन
एक वेगळा मुद्दा, कारण हा धागा वाचून कुणाला तिकडचं जुनं टर्नटेबल आणायचा मोह होईल. अमेरिकेतलं जुनं एसी मोटरचं यंत्र ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून मोटर पाच षष्ठांश वेगाने फिरते: ४५ चे ३७.५ फेरे होतात. सूर जवळपास तीन अर्धस्वर खाली. पांढरी तीनचं गाणं काळी एकला उतरतं आणि गायक झोपेत गायल्यासारखा वाटतो. ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच असं यंत्र घ्या. फझ, तुमच्या डायरेक्ट ड्राइव्हला हा प्रश्न नाही.

चिंचवडचा_फझ
टिचकी मारून पाहिली. आठपैकी सहा 'टिण्ण'. दोन व्हायनिल. वजाबाकीची परीक्षा दोन्ही जातींवर केली: स्टायरीनच्या सहांत 'स' उरतो, पण व्हायनिलच्या दोनांतही थोडा उरतो. गोल पीन मागवली आहे. अँपला मोनोचं बटण नाही. वायरनेच मोनो करता येईल का?

डेडवॅक्स
व्हायनिलमध्येही 'स' उरतोय म्हणजे कार्ट्रिजचा कोनही तपासा. प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा बिंदू-रेघांचा तक्ता) कागदावर छापताना 'शंभर टक्के' आकार ठेवा आणि छापल्यावर त्यावरची पट्टी मोजा. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर सगळी मेहनत वाया. पीन दोन्ही बिंदूंवर पडून कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर दिसेपर्यंत स्क्रू हलवा.

वायरने होतं. दोन वाय-केबल घ्या: पहिली दोनाचं एक करणारी, दुसरी एकाचं दोन. टर्नटेबल आणि फोनो प्रीअँप यांच्या मधे लावा. कार्ट्रिजची दोन्ही कॉइल तिथे सुरक्षितपणे जोडली जातात. प्रीअँपच्या पुढे, म्हणजे त्याच्या आउटपुटवर, नुसती वाय-केबल लावू नका. दोन आउटपुट एकमेकांना ढकलत राहतात. केबल आखूड घ्या. जोडल्यावर भुणभुण आली तर अर्थिंगची वायर आधी बघा.

आणि कॉम्प्युटरवर घेताना आधीच मोनो करू नका. दोन चॅनेल वेगवेगळे ऐका. स्टायरीनमध्ये पुष्कळदा एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. तसं असेल तर दोन्ही मिसळण्यापेक्षा तो एकच चॅनेल ठेवावा.

बेसविना
मेम्फिसचं राहिलंय. गोनर रेकॉर्ड्स हे दुकान-लेबल कूपर-यंग भागात आहे, त्यांचा हा महोत्सव २००५ पासून चालू आहे. मॅडिसन अव्हेन्यूवर शांग्रिला रेकॉर्ड्स, तेही सोडू नका.

छोट्या जागेत गॅरेज बँडचा आवाज कसा बनतो ते समजून उभं राहा. गिटारचे अँप थेट स्टेजवरून येतात, माइकमधून मोठ्या स्पीकरला बहुधा फक्त गायक जातो. गिटार अँपचा तीव्र आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ येतो. नेमके त्याच्यासमोर उभे राहिलात तर गिटार कान कापते आणि गायक ऐकूच येत नाही. दोन पावलं बाजूला, मोठ्या स्पीकरच्या रेषेत या, सगळं गाणं जुळून येतं. मिक्सिंग डेस्कच्या आसपास सगळ्यात समतोल. डेट्रॉइटच्या गोरीजसारख्या बँडमध्ये बेस गिटारच नाही, तिथे खालचा आवाज शोधत फिरू नका. दोन गिटार आणि ड्रम एवढ्यावर ती जादू उभी आहे.

इअरप्लग हवेतच. कामाच्या जागेसाठीचा अमेरिकन हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. फोमचे प्लग झांजा आणि शब्द गिळतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले, १५ ते २० डेसिबलचे घ्या. पहिल्या गाण्याआधी लावा, कान वाजायला लागल्यावर नाही.

स्टेजशेजारच्या टेबलावर त्या दौऱ्यापुरतेच छापलेले सिंगल्स असतात, आणि ते बहुधा पहिल्या तासात संपतात. १ आणि ५ डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. आठ इंची जाड पुठ्ठ्याचे दोन चौकोन आणि दोन रबरबँड बॅगेत असू द्या. सप्टेंबरातही तिथे ऊन कडक असतं. बंद गाडीत ठेवलेलं व्हायनिल दुपारभरात वाकतं. विमानात रेकॉर्ड हातातल्या बॅगेत, उभ्या. क्ष-किरणांनी काही होत नाही.

कोकणकडा_४५
आपल्या मातीतलं गॅरेज ऐकायचं असेल त्यांच्यासाठी: इम्पीरियल टोबॅकोच्या सिमला सिगारेटने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडच्या दोन एलपी आहेत, १९७० आणि ७१ च्या. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्युजन्स, मुंबईचे व्हेल्वेट फॉग. नव्याने निघालेल्या प्रतीही मिळतात. जुनी प्रत हाती आली तर वाजवण्याआधी वरच्याच रीतीने धुवा.

चिंचवडचा_फझ
गोल पीन आली. बसवली, कोन पुन्हा लावला, वाय-केबल जोडल्या. व्हायनिलच्या दोन्ही रेकॉर्ड पूर्ण साफ झाल्या. स्टायरीनच्या सहांपैकी चार ऐकण्याजोग्या झाल्या. त्यातल्या एकीत उजवी भिंत जवळजवळ कोरी निघाली, आणि शेवटच्या कडव्यातली ती किंकाळी, जिला आजवर झीज समजत होतो, ती गायकाचीच आहे. उरलेल्या दोन थुंकतातच, त्यांची आणखी चांगली प्रत शोधतो. डोलणारी रेकॉर्ड ॲडॅप्टर काढून चौथ्या खेपेला मध्यावर आली.