व्याख्यानाचा विषय: सायबरयुद्ध की सहकारी बँका?

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, गणेशोत्सवातल्या ऑनलाइन व्याख्यानासाठी पुण्याचे एक ज्येष्ठ संपादक तयार आहेत. विषय 'सायबरयुद्ध आणि पुणे'. त्यांच्या लेखाचं कात्रण जोडलंय: शत्रूने पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची एटीएम फोडली, तेव्हा सगळ्यांनी पिन बदला. चालेल ना?

उत्तर १

ताई, सहकारावर ते बोलले तर तासभर ऐकू. पण इथे यंत्रणाच उलटी मांडलीय, म्हणून सल्लाही वाया.

११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. एटीएम शाबूत होती. कार्ड घातलं की विचारणा व्हिसा किंवा रुपेमार्फत बँकेच्या एटीएम स्विचकडे, म्हणजे होकार-नकार कळवणाऱ्या संगणक यंत्रणेकडे, येते. स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला, शिल्लक विचारतो, मग होकार जातो. चोरांनी मध्ये बनावट स्विच घातला आणि तोच परस्पर होकार देत सुटला. कोअर बँकिंगला पत्ताच नाही. त्यामुळे ग्राहकांची खाती जशीच्या तशी, खड्डा बँकेला. बनावट कार्डांवर २८ देशांतून आणि भारतातून मिळून सुमारे ८० कोटी गेले, सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून हाँगकाँगला आणखी १३.९२ कोटी. यात पिन बदलून काय साधणार?

उत्तर २

काका, संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालात या चोरीमागे उत्तर कोरिया आहे. मग युद्ध म्हटलं तर बिघडलं कुठे?

उत्तर ३

सरकार असेल मागे, पण हात गल्ल्यात होता. युक्रेनच्या वीज कंपन्यांवर २३ डिसेंबर २०१५ ला सायबरहल्ला झाला तेव्हा काय घडलं बघा: ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरत होता आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडत होता. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. शेवटी माणसं उपकेंद्रांवर धाडून ब्रेकर हाताने चढवले. तिथे हाताने चालवायची सोय कामी आली. बँकेला हवी असते हिशेबाची जुळवणी.

तेव्हा संपादकांना हेच विचारा. स्विचचे होकार आणि कोअर बँकिंगच्या नोंदी किती मिनिटांनी ताडून बघतात? दुसऱ्या दिवशी असेल तर जोडसुट्टी म्हणजे चोरांना मोकळं रान. एका कार्डाला मर्यादा असते, पण अख्ख्या बँकेतून तासाभरात परदेशात किती जाऊ शकतं, यावर कुलूप आहे का? रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर चौकट काढली. संचालकांपैकी कितीजणांनी ती वाचली? संचालक मंडळांची नाडी संपादकांना नेमकी ठाऊक आहे, तिथे त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पोस्टर गेलं नसेल तर विषय 'कॉसमॉसनंतरच्या सहकारी बँका' करा. स्विचचा भाग दहा मिनिटं दुसऱ्या कुणाला द्या.