बुलपप एअर रायफल: घाट तोच, पण आतलं काम कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. कॉलेजात असताना चार वर्षं दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारत होतो. तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं त्याच्या आसपासचे ते दिवस. रेंजवर जागा मिळवायला पहाटेपासून पोरं थांबायची. पुढं नोकरी लागली, रेंज सुटली, नाद मात्र राहिला.

तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलो आणि डावा खांदा कायमचा दुखरा झाला. मॅच रायफलचं सगळं वजन पुढच्या हातावर येतं. दहा शॉट झाले की माझा हात थरथरायला लागतो. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, वजन अंगाजवळ ठेवा. म्हणून बुलपपकडं वळलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुलपपमध्ये ट्रिगर पुढं असतो आणि मॅगझिन, हॅमर (आपटून हवेचा व्हॉल्व्ह उघडणारा ठोकळा), व्हॉल्व्ह असं सगळं ट्रिगरच्या मागं, गालाखाली येतं. आपल्या सैन्यातल्या काही तुकड्यांकडं ताव्होर आहे, तिचा घाट डोळ्यांसमोर आणा. पन्नास सेंटिमीटरची बॅरल असूनही अख्खी रायफल पाऊण मीटरच्या आसपास बसते. पीसीपीमध्ये, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेच्या रायफलमध्ये, याचा आणखी एक फायदा आहे. बॅरल लांब असली की हवेला छऱ्याला ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि तेवढाच वेग कमी हवेत येतो. लांबी कमी करायची म्हणून बॅरल कापावी लागत नाही.

वापर एवढाच: पन्हाळ्याच्या वाटेवर आमचं शेत आहे, गुऱ्हाळघराच्या मागं मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढं पंचवीस मीटरवर कागदी टार्गेट. शिकार, पाखरं हा विषय नाही, कृपया तसे सल्ले देऊ नका. कॅलिबर, म्हणजे बॅरलच्या भोकाचा व्यास, .177 इंच आणि ताकद 20 ज्यूलच्या आत, म्हणजे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवाना लागत नाही तेवढीच.

आता मूळ दुखणं. दिवाळीत एका कंपनीची बुलपप घेतली, नाव लिहीत नाही. बाहेरून एका नावाजलेल्या स्वीडिश मॉडेलची हुबेहूब प्रतिमा. दस्त्याचा तोच बाक, तीच बाजूची लिव्हर, तसंच गोल मॅगझिन. हातात घेतली तेव्हा मन हरखलं. वजन खरंच खांद्यापाशी आलं, डावा हात नुसता आधाराला राहिला.

पण ट्रिगर! ओल्या गुळाच्या ढेपेत बोट रुतावं तसा. कुठं सुटणार याचा पत्ता नाही. पाच शॉटमध्ये दोन छिद्रं एकमेकांना चिकटून, तिसरं दोन इंच बाजूला. सहा महिने मी स्वतःलाच दोष देत बसलो, खांद्याला, श्वासाला, चष्म्याला.

शेवटी उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेली. हवा पूर्ण सोडली आणि कव्हर काढलं. पुढच्या ट्रिगरपासून मागच्या सिअरपर्यंत, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्यापर्यंत, एक तार गेलेली, सायकलच्या स्पोकएवढी जाड. ट्रिगर दाबला की तार आधी मधोमध कमानीसारखी वाकते, मग पुढं सरकते. बोटाला जो गूळ लागत होता तो हा. मग मित्रानं मॅगझिनच्या बाजूनं एक छर्रा हातानं बॅरलमध्ये ढकलला, पुढून काढला आणि भिंगाखाली धरला. एका कडेला शिसं खरवडलेलं, नखाच्या कापासारखी बारीक साल लोंबत होती. हवा आत येण्याचं भोक पाडल्यावर कडेची बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, काढलीच नव्हती. मित्र म्हणाला, "ह्यांनी बाहेरचं माप घेतलंय, आतलं का तसं आहे ते विचारलंच नाही."

तेव्हापासून झोपेतही हाच विषय. वाचताना एवढं कळलं की ट्रिगर लांब गेल्यानं येणारा हा प्रश्न प्रत्येक चांगल्या कंपनीनं आपापल्या डोक्यानं सोडवला आहे. ब्रिटनच्या डेस्टेटनं पल्सरमध्ये ट्रिगरच इलेक्ट्रॉनिक केला, विजेच्या तारेनं जोडलेलं बटण दाबायचं, सळईची भानगडच नाही. एअर आर्म्सच्या गॅलहॅडमध्ये कॉकिंगची, म्हणजे हॅमर ओढून तयार ठेवायची, लिव्हर पुढं आणली, म्हणजे गाल उचलावा लागत नाही. एफएक्सनं इम्पॅक्टमध्ये लिव्हर ट्रिगरच्या वरच्या अंगाला घेतली आणि बॅरलच्या आतली नळी बदलता येईल अशी केली. आणि ज्यांनी नक्कल केली त्यांनी उत्तर उचललं, प्रश्न उचलला नाही.

मला विचारायचं आहे ते असं. ही दुरुस्त करत बसू की विकून दुसरी घेऊ? दुसरी घेताना दुकानात, कव्हर न काढता, आतलं काम कसं ओळखू? सकाळचा पहिला शॉट नेहमी जोरात जातो, वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर 262 मीटर प्रतिसेकंद, पुढचे 250-252, हे कशानं? आणि हवा कुठं भरायची? हातपंप मला झेपत नाही.

---

प्रतिसाद (इचलकरंजीहून):

दादा, टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत, बंदुकीतलं थोडं, धातूतलं जास्त कळतं.

आधी हवेचं, कारण ते जिवाचं आहे. वर्कशॉपमध्ये गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर उभा असतो आणि कोणीतरी सहज म्हणतं, "यातूनच भरून घे की." कदापि नाही. आतल्या सिलिकॉन तेलाशी, ग्रीसशी दाबातला शुद्ध ऑक्सिजन आला की स्फोट होऊ शकतो. फक्त कोरडी हवा भरायची, उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरची किंवा डायव्हिंगच्या सिलिंडरची. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा उपयोग नाही, तो आठ-दहा बारपर्यंत जातो, तुम्हाला दोनशेच्या आसपास लागणार. सिलिंडरवर दाबाची मर्यादा कोरलेली असते, ती नसेल तर ती वस्तू घरातच आणू नका.

सळईचं: सळई ओढली तर सरळ राहते, ढकलली तर वाकते. सायकलचं चाक स्पोक ओढून धरतात म्हणून बारीक तारेवर माणूस बसतो. तुमच्या बंदुकीत तार ढकलली जाते. चांगल्या कामात एकतर ओढणारी जोडणी करतात, नाहीतर ढकलणारी ठेवली तर जाड पट्टी देतात आणि तिला मधे आधार देतात. तुमच्या मित्राला चार मिलिमीटरची सळई आणि मधे एक पितळी बुश बसवायला अर्धा दिवस लागेल. मात्र सिअरला आणि हॅमरला हात लावू नका. सिअरचे कोन घासले की बंदूक आपटल्यावर आपोआप सुटू शकते.

पहिला शॉट जोरात म्हणजे रेग्युलेटर रात्रभर पाझरतोय. रेग्युलेटरचं काम सिलिंडरमधला मोठा दाब उतरवून पुढच्या कप्प्यात ठरलेला दाब ठेवणं. त्याची सीट, म्हणजे झडप जिथं टेकून बंद होते तो भाग, चांगली बसत नसेल तर कप्प्यातला दाब हळूहळू चढतो. हे बहुधा सीटवरच्या ओरखड्याचं किंवा घाणीचं काम. ओ-रिंगही बघा. काही नक्कल करणारे अशी मापं वापरतात जी बाजारात मिळत नाहीत, मग एका रबरी कड्यासाठी बंदूक सहा महिने पडून.

दुकानात ओळखायचं म्हणता तर: रिकामी बंदूक कॉक करून ट्रिगर दहा वेळा सावकाश दाबा. दहाही वेळा एकाच जागी सुटला तर जोडणी ठीक. मॅगझिन घालून हलवा, खडखडलं तर छर्रा बॅरलच्या बरोबर समोर येत नसणार. आणि दुकानदाराला वेगाचा आकडा विचारा. 1200 फूट प्रतिसेकंद असं छातीठोक सांगितलं तर हिशेब करा: 8.44 ग्रेनचा छर्रा त्या वेगानं गेला तर साधारण साडेछत्तीस ज्यूल होतात, म्हणजे परवान्याची वस्तू. वीस ज्यूलला तोच छर्रा 270 मीटरच्या, म्हणजे 887 फुटांच्या पुढं जाऊच शकत नाही. एकतर तो आकडा खोटा, नाहीतर बंदूक बेकायदा.

एका गोष्टीवर मात्र तुमच्याशी जमत नाही. नक्कल म्हणून सगळ्यांना एका मापानं मोजू नका. ह्युबेन के-वन चीनची आहे, पण ती कोणाची कॉपी नाही. हॅमरच नसलेली, 19 छऱ्यांची सेमी-ऑटो बुलपप, डोकं त्यांचं स्वतःचं. उलट डायनाची स्टॉर्मरायडर जर्मन नावाची, बनते चीनमध्ये. देश बघून काही ठरत नाही. आणि आपल्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्रं उलगडून सिनेमाचा कॅमेरा करायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी 1918 पर्यंत बाबूरावांनी तो पुरा केला. उघडून, समजून, पुन्हा घडवणं ही नक्कल नव्हे. तुमच्या बंदुकीवाल्यानं उघडलंच नाही, हा त्याचा गुन्हा.

---

प्रतिसाद (माजी नेमबाज, सध्या मुलांना शिकवते):

एक वेगळा मुद्दा.  दहा मीटरच्या सवयीनं रायफल किंचित तिरकी धरलीत तर छर्रा बाजूला जातो. स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, छोटी पाणसळ लावा. तुमच्या दोन इंचांतला थोडा वाटा याचाही असेल.

आणि परत स्पर्धा खेळायची मनात असेल तर बुलपप तिथं चालणार नाही. पण हाताला कायमची इजा असलेल्यांसाठी पॅरा नेमबाजीत एसएच-टू गट आहे, त्यात रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवता येते. तुमचा खांदा त्या निकषात बसतो का, हे एकदा वर्गीकरणासाठी विचारून बघा. रेंजवर या कधीतरी.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. ताई, एसएच-टूचं मला ठाऊकच नव्हतं. रात्री बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली सोमवारीच जा.

काका, सळई बदलली. मित्रानं चार मिलिमीटरची रॉड आणि बुश बसवला, सिअरला हात लावला नाही. भोकाची बर बारीक दगडानं काढली, मग पाच छर्रे ढकलून भिंगाखाली बघितले, पाचही गुळगुळीत. काल संध्याकाळी टार्गेटला पाच शॉट मारले, पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. पाणसळ अजून लावायची आहे.

रेग्युलेटर उघडला. सीटवर केसाएवढा ओरखडा आहे, आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सीट पांढऱ्या प्लास्टिकची आहे, नायलॉन की डेल्रिन ते सांगता येत नाही. तशीच नवीन लेथवर काढून घ्यावी म्हणतो. डेल्रिन घ्यावं की पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक? आणि तोंडाचा कोन किती ठेवायचा, हे कोणी केलेलं असेल तर कृपया लिहा. तोपर्यंत हवा काढून ठेवली आहे.