लाटांचा हिशोब अणुवाल्यांकडे

'वारा-लाटा म्हणजे महागडी हौस, शेवटी अणुवीजच परवडते' हे वाचून हसूच आलं. ब्रिटनचंच बघा ना. 1973 च्या तेलसंकटानंतर एडिंबरा विद्यापीठातल्या स्टीफन सॉल्टरनी लाटेवर मान डोलावून वीज करणारं 'डक' नावाचं यंत्र काढलं, टाकीत छोटं मॉडेल ठेवलं की पुढून लाट यायची आणि मागे पाणी जवळजवळ सपाट, इतकी एनर्जी ते ओढून घ्यायचं. आता या लाटांच्या प्रोग्रामचा हिशोब कुणाकडे? हारवेलच्या युनिटकडे, म्हणजे तिथल्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्याच छत्राखाली! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या :) 1982 ला पैसे जवळपास बंद. मुद्दाम मारलं असं मी म्हणत नाही, खारं पाणी आणि वादळं कुठल्याच मशीनला सोडत नाहीत, ते तंत्र अवघडच आहे.

पण वाऱ्याचं काय? हिंकली पॉइंट सी या नव्या अणुवीज केंद्राला 2013 मध्ये मेगावॉट-तासाला 92.50 पौंड कबूल केले आणि 2017 च्या लिलावात समुद्रातल्या पवनचक्क्या 57.50 वर आल्या, दोन्ही आकडे 2012 च्या किमतीतले. वारा पडला की काय करणार हा प्रश्न रास्त आहे, मान्य. तरी इंग्लंडात जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्या 2015 पासून जवळपास ठप्प, का तर गावकऱ्यांना आणि त्यांच्या खासदारांना त्या डोळ्यासमोर नको होत्या. 2024 ला सरकार बदललं तेव्हा कुठे ही जवळपास-बंदी उठली.