२२ डिसेंबर होऊन गेला, मग सूर्य अजून उशिरा का उगवतोय?

टेकडीवाला (९ जानेवारी)
रोज सातच्या आत पुण्यात तळजाई टेकडीवर असतो. २१-२२ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान, पुढे मोठा होत जातो, हे शाळेत घोकलेलं. पण सूर्य तर तेव्हापेक्षा उशिराच वर येतोय! घड्याळ तपासलं, बरोबर आहे. आणि दिवस मोठा व्हायला लागला की उत्तरायण ना? मग कॅलेंडरात ते १४ जानेवारीला कसं? बायकोला विचारलं तर म्हणाली, गुपचूप चाला.

शंकूकाका
तुमचं घड्याळही बरोबर आणि शाळाही.

निवृत्त झाल्यापासून मी गच्चीवर एक मीटरची काठी रोवलीय, कुंडीत सिमेंट ओतून, ओळंबा लावून. रोज तिची सगळ्यात आखूड सावली फरशीवर आखतो. (आधी खडूने आखायचो. नातवाने पुसल्यावर मार्कर.) २१ डिसेंबरला सावली ९० सेंमी, वेळ (म्हणजे मध्यान्ह, सूर्य सगळ्यात वर) १२.३३. त्याच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार, सगळ्या खुणा एकाच रेघेत. सूर्य दक्षिणेला जाऊन थबकतो तो असा.

गेल्या १४ जानेवारीची खूण ८३ सेंमी, पण वेळ १२.४४. तुमची गोम इथे आहे. मध्यान्हच ११ मिनिटं पुढे सरकला. तेवढ्यात दिवस वाढला जेमतेम सहा मिनिटं, त्यातली सकाळच्या वाट्याला तीन. म्हणून पुण्यात ७.०२ चा सूर्योदय ७.१० वर गेला, आणि ६.०३ चा सूर्यास्त ६.१७ वर. वाढलेला उजेड संध्याकाळी फिरणाऱ्यांना मिळतोय, तुम्हाला नाही.

कारण? जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात पळते. शिवाय अक्ष कललेला. दोन्ही मिळून डिसेंबरअखेर एका मध्यान्हापासून दुसरा यायला २४ तासांवर अर्धं मिनिट लागतं. रोजचं अर्धं मिनिट साठत जातं.

संक्रांतीचं वेगळं. आपलं पंचांग निरयन, म्हणजे राशी ताऱ्यांना धरून. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, त्यामुळे उत्तरायणाची जागा ताऱ्यांमधून सरकत जाते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस खरं उत्तरायण आणि मकरप्रवेश एकत्र होते, मग फाटत गेले. वेदांगज्योतिष या जुन्या ग्रंथात तर उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी आहे. जुन्या काळचा ज्योतिषी वराहमिहिर, त्यानेही लिहून ठेवलंय की पूर्वी अयनं दुसरीकडे होती, आता मकर-कर्कात आहेत. एवढं असून आपण ताऱ्यांच्या राशींनाच चिकटून बसलो, हे माझं जुनं दुखणं. टिळक पंचांगाचा अयनांश (ताऱ्यांच्या आणि ऋतूंच्या राशींमधलं अंतर) कमी, म्हणून संक्रांत आधी येते आणि आमच्याकडे गुळाची पोळी उद्याच, १० तारखेला!

बॉइनकाठची
काका, तुमची काठी वाचून न्यूग्रेंज आठवलं. मी डब्लिनला असते. इथे डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा, त्यामुळे अयन अंगावर येतं. न्यूग्रेंज म्हणजे ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचं दगडी थडगं, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. दाराच्या वर एक वेगळी फट ठेवलीय. अयनाच्या दिवसांत नऊच्या सुमारास तिच्यातून ऊन १९ मीटरचा बोळ पार करून आतल्या खोलीत जातं, १७ मिनिटं थांबतं. मायकल ओ'केली यांनी ते २१ डिसेंबर १९६७ ला आत उभं राहून पाहिलं. आता आत जायला सोडत निघते. माझं नाव लागलं नाही. बाहेर गर्दीत कुडकुडत उभी राहिले, आणि ढग!

टेकडीवाला
काका, गच्चीवर लोखंडी सळई पडलीय. चालेल?

शंकूकाका
चालेल. पण सावलीचं टोक धूसर येतं, बोटभर घोळ होतो. सळईच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पत्र्याचा तुकडा लावा. सावलीत उजेडाचा ठिपका पडेल, त्याचा मध्य धरा. न्यूग्रेंजवाल्यांचीही फटच होती ना. आणि खूण मार्करनेच करा.