कनार्डला दुसरं इंजिन: शेजारी-शेजारी की पुढे-मागे?

हॉटवायर
लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या नकाशांवरून दोन आसनी विमान बांधतोय; मुख्य पंख मागे, छोटा पंख म्हणजे कनार्ड पुढे. टब (विमानाचं धड) आणि कनार्ड झाले, पंखांचा फोम कापायचा बाकी, म्हणजे बदल करायचा तर आत्ताच. माझं बरंचसं उड्डाण पाण्यावरून होणार. म्हणून मागच्या एका लायकॉमिंग ओ-२३५ ऐवजी स्ट्रेकच्या (पंखाच्या धडाजवळच्या रुंद भागाच्या) मागच्या कडेला ५० एचपीची दोन टू-स्ट्रोक, दोन्ही पुशर म्हणजे मागून ढकलणारी, असं डोक्यात आहे. एकूण ताकद जवळपास तेवढीच. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परत यायचं. नुसतं हो-नाही नको, कारणं सांगा.

मायक्रोचा डबा
कारणं हवीत तर कागद-पेन्सिल घ्या. लाँग-ईझीचं कमाल वजन १३२५ पौंड, म्हणजे ६०० किलो. दोन माउंट, दोन काउलिंग, दुहेरी वायरिंग धरून तुमचं ६५० होणार, आणि हे मी उदार मनाने सांगतोय. एक पंखा थांबलेला, लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर (उचल भागिले हवेचा रोध) १० धरलं, तर ड्रॅग ६५ किलो. ताशी १५० किलोमीटरने नुसतं पातळीत राहायला, प्रॉपेलरची कार्यक्षमता ७० टक्के धरून, ५० एचपीच्या थोडं वरच लागतात. म्हणजे उरलेलं इंजिन फुल थ्रॉटलवर ओरडत असताना तुम्ही हळूहळू खालीच येणार. सेकंदाला १ मीटर चढायचं तर आणखी १२ एचपी. हवा गरम असेल तर याहून जास्त. थोडक्यात, एका बाजूला ८० एचपी असतील तरच बोलू या.

आता वळण: एका बाजूचं इंजिन बंद पडलं की दुसरं विमानाला वळवतं. लाँग-ईझीचे रडर विंगलेटवर, म्हणजे पंखांच्या टोकांच्या उभ्या पात्यांवर, प्रत्येक फक्त बाहेर उघडणारा, आणि सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) जेमतेम दीडेक मीटर मागे. पंखा टबला घासू नये म्हणून इंजिन मधल्या रेषेपासून मीटरभर तरी बाहेर जाणार. वरच्या हिशोबाने चढायला लागणाऱ्या साधारण ६५ एचपीचा जोर याच वेगाला ८० किलोच्या आसपास. तो तोलायला एका विंगलेटने ५० किलोंहून जास्त आडवा रेटा सतत द्यायचा. उघडलेल्या रडरचा ड्रॅग वळणाला मदत करतो खरा, पण चढायला जी ताकद उरली होती तीच खातो. आणि हे सगळं टेकऑफनंतर लगेच, कमी वेगात.

शिवाय दोन्ही इंजिनं मागे म्हणजे सीजी मागे सरकण्याची भीती. कनार्ड आधी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, म्हणून मुख्य पंख वाचतो, ही या विमानांची सगळी पुण्याई. सीजी मर्यादेच्या मागे गेला की ती संपली. मग मुख्य पंखच स्टॉल होऊन डीप स्टॉल, आणि त्यातून नाक खाली आणायला हाती काही उरत नाही.

पुढे-मागे
+१. याच कारणाने लाँग-ईझीचे डिझायनर बर्ट रुटान यांनी १९७८ मध्ये डिफायंट हे विमान उडवलं ते एक इंजिन नाकात, एक शेपटीकडे असं. दोन्ही १६० एचपी, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारे पंखे). एक गेलं तर विमान वळतच नाही. १९८६ मध्ये त्यांचंच व्हॉयेजर ९ दिवसांत न थांबता जगाला फेरी मारून आलं तेही असंच, आणि वाटेत बराच वेळ पुढचं इंजिन बंद ठेवून.

हॉटवायर
मग नाकात एक छोटं इंजिन बसवलं तर?

मायक्रोचा डबा
नाकात तुमचे पाय आहेत, साहेब. आणि नाकचाकही तिथेच आत येतं. समजा जागा केलीत, तरी पुढच्या पंख्याचा झोत थेट कनार्डवरून जाणार. फुल पॉवरवर कनार्ड उशिरा स्टॉल होईल, म्हणजे मुख्य पंखाची राखीव बाजू तेवढी कमी. तो सगळा तोल नव्याने बसवायचा म्हणजे नवं विमान. डिफायंट मुळात चार आसनी, वेगळ्या मापाचंच होतं.

आणि पुढे-मागेचा एक तोटा कुणी सांगत नाही: विमान वळत नसल्याने मागचं इंजिन मेलेलं कळतच नाही. सेसना स्कायमास्टर या पुढे-मागे इंजिनांच्या विमानाचे वैमानिक म्हणूनच टेकऑफला मागचा थ्रॉटल आधी पुढे ढकलतात.

माझं मत: एकच ओ-२३५ ठेवा आणि वाचलेला वेळ इंधनाच्या नळ्यांवर घाला. लाँग-ईझीत डावी टाकी किंवा उजवी, दोन्ही एकदम नाही. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर गेले ते लाँग-ईझीतच, समुद्रावर. बांधणाऱ्याने सिलेक्टर (टाकी बदलायचा कॉक) नकाशातल्या जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता; टाकी बदलायला मागे वळावं लागे. तिथे दुसऱ्या इंजिनाने काय केलं असतं?

तुमचा सिलेक्टर कुठे बसवलाय? फोटो टाका. टाकीच्या व्हेंटचाही (हवा आत घेणाऱ्या नळीचा).

हॉटवायर
सिलेक्टर नकाशाप्रमाणे दोन मांड्यांच्या मध्येच आहे. व्हेंट अजून बसवले नाहीत. रविवारी फोटो टाकतो.