मदत हवी आहे: 'एरास्टीस' आणि 'एरोमेनोस' या प्राचीन ग्रीक शब्दांना मराठीत काय म्हणावं?

प्राचीन ग्रीसमधल्या थीब्ज या नगरराज्याच्या 'पवित्र पथका'वर टिपण लिहितोय. थीब्जचा सेनानी गॉर्गिडासने निवडलेले 300 सैनिक, पुढे सेनानी पेलोपिडासने टेगिराच्या लढाईनंतर (इ.स.पू. 375) त्यांना विखरू न देता एकत्रच लढवलं. हे प्रेमी-जोड्यांचं पथक होतं, असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्क 'काहींच्या मते' म्हणून सांगतो, तेवढा सावधपणा ठेवलाच आहे.

अडलंय शब्दांवर. एरास्टीस म्हणजे प्रेम करणारा, बहुधा वयाने मोठा. एरोमेनोस म्हणजे ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो. दोघांनाही 'प्रियकर' म्हटलं की हा फरक पुसला जातो, 'जिवलग मित्र' म्हटलं की प्रेमच गायब, आणि 'समलिंगी' ही आजची ओळख तिथे बसत नाही. 'अनुरक्त' आणि 'प्रिय' चालतील, की फार संस्कृताळलेले वाटतात?

शिवाय ज्या लढाईत हे पथक संपलं, त्या कायरोनियाच्या दगडी सिंह-स्मारकाजवळ सात ओळींत सापडलेले 254 सांगाडे याच पथकाचे, असं ठामपणे लिहावं का?